माग तेच, सूत तेच, मग कापड जास्त कसं निघालं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल जोएल मोकिर, फिलिप आगियाँ आणि पीटर हॉविट या तिघांना जाहीर झालं. नव्या कल्पनांच्या जोरावर अर्थव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या कशी वाढत राहते, याची उकल त्यांनी केली. त्याआधी जुलैत आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. लांब मुदतीचं, अगदी कमी व्याजाचं किंवा बिनव्याजी कर्ज असं तिचं मुख्य स्वरूप आहे. योजनेमागचं कारण उघड आहे. भारत संशोधन आणि विकासावर देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. दक्षिण कोरिया ५ टक्क्यांच्या आसपास आहे, इस्रायल त्याच्याही वर. त्यात आपल्या एवढ्याशा खर्चातला खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम एक तृतीयांशाच्या वर जातो.

अशा बातम्या वाचल्या की 'इनोव्हेशन' म्हणजे प्रयोगशाळा, पेटंट आणि स्टार्टअप असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. पैसा ओता, हुशार माणसं गोळा करा, काम झालं. पण उद्योगात थोडी वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, तो वेगळंच कोडं सांगेल. एकाच एमआयडीसीत, एकाच वर्षी सुरू झालेल्या, सारखीच यंत्रं घेतलेल्या दोन कंपन्या असतात. एक दर दोन वर्षांनी नवं काहीतरी बाजारात आणते, दुसरी वीस वर्षं जिथल्या तिथे. हे असं का होतं?

या प्रश्नावर गेल्या दोन दशकांत जगभर पुष्कळ काम झालं आहे. त्यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग झाला आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरमध्ये आणि सीमेपलीकडच्या उंबरगावात. जगभरच्या विद्यापीठांत तो शिकवला जातो. आपल्याकडे त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही, म्हणून हा लेख.

आधी एक मोजमाप समजून घेऊ

समजा, एका गल्लीत दोन खानावळी आहेत. दोन्हीकडे चार-चार आचारी, तेवढाच गॅस, तोच तांदूळ, तेवढंच भाडं. दुपारी एकीतून शंभर ताटं निघतात, दुसरीतून दोनशे. दुसरीत भाजी आदल्या रात्री निवडलेली असते, कढई रिकामी होईपर्यंत कुणी ताटकळत नाही, काय उरलं आणि काय कमी पडलं याची नोंद रोज होते. तेवढीच माणसं, तेवढंच भांडवल आणि तेवढाच माल वापरून कोण किती काढतो, या फरकाला अर्थशास्त्रात 'उत्पादकता' म्हणतात. कामगार किती राबतात याचं हे मोजमाप नव्हे. दोन्हीकडचे आचारी संध्याकाळी सारखेच दमलेले असतात.

पूर्वी अर्थतज्ज्ञांना वाटायचं की असा फरक फार काळ टिकणार नाही. मागे पडलेली खानावळ एक तर शिकेल, नाहीतर बंद पडेल. प्रत्यक्षात आकडे वेगळं सांगतात. अमेरिकेत एकाच उद्योगातले शंभर कारखाने उत्पादकतेच्या क्रमाने ओळीत उभे केले, तर वरून दहावा कारखाना खालून दहाव्याच्या जवळपास दुप्पट उत्पादन काढतो. भारतात आणि चीनमध्ये हाच फरक पाचपटीच्या वर जातो. म्हणजे आपल्याकडे अगदी अव्वल कारखाने आहेत आणि त्यांच्याच शेजारी, तोच माल बनवणारे, फार मागे राहिलेलेही आहेत. दोघंही वर्षानुवर्षं चालतात. देश गरीब राहण्याचं एक मोठं कारण या मागे राहिलेल्यांच्या रांगेत आहे.

तारापूरमध्ये काय केलं?

अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम, डेव्हिड मॅकेंझी, अप्रजित महाजन आणि त्यांचे सहकारी २००८ मध्ये तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांपर्यंत पोहोचले. हे घरगुती यंत्रमाग नव्हते. सरासरी २७० कामगार असलेल्या, सुती कापड विणणाऱ्या, एकेका घराण्याच्या मालकीच्या कंपन्या होत्या. प्रयोगासाठी १७ कंपन्या तयार झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. दोन्ही गटांत एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची माणसं महिनाभर बसली आणि कुठे काय चुकतंय त्याचा अहवाल दिला. फरक पुढचा. ११ कंपन्यांच्या गटात सल्लागार आणखी चार महिने थांबले आणि सांगितलेलं प्रत्यक्ष करून घेतलं. ६ कंपन्यांच्या गटात थांबले नाहीत. पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत.

आधीची स्थिती वाचताना कापड उद्योगातल्या माणसाला ओळखीचं वाटेल. जमिनीवर तेल सांडलेलं, हत्यारं कुठेही पडलेली. गोदामात सुताच्या पेट्यांची थप्पी, कुठल्या पेटीत कुठला रंग आणि कुठला काउंट, म्हणजे सुताची जाडी, हे फक्त गोदामवाल्याच्या डोक्यात. काही सूत दमट हवेत पडून खराब झालेलं. माग बिघडला की मेकॅनिकला हाक मारायची, तोवर हात लावायचा नाही. कापडातले दोष, म्हणजे तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, चुकलेली वीण, शेवटी तपासणीच्या टेबलावर सापडायचे आणि तिथेच दुरुस्त व्हायचे. या दुरुस्तीतच कारखान्याचे जवळपास पाचवा हिस्सा हात गुंतलेले होते. दोषांची वही होती, पण ती गिऱ्हाइकाने तक्रार केली तर दाखवायला. कुठल्या मागावर, कुठल्या डिझाइनला, कुठल्या पाळीत जास्त दोष येतात, याचा शोध त्या वहीतून कुणी घेत नव्हतं.

सल्लागारांनी नवं यंत्र आणलं नाही. व्यवस्थापनाच्या ३८ साध्या सवयींची यादी केली आणि त्या लावून घेतल्या. यंत्रं बिघडण्याआधीच ठरलेल्या दिवशी तेलपाणी. दोषांची रोज नोंद, तीही प्रकार आणि मागाच्या क्रमांकासकट. त्या आकड्यांवर रोज सकाळी व्यवस्थापक आणि फोरमन यांची छोटी बैठक. सुताच्या पेट्यांवर लेबल, रॅकवर ठरलेली जागा. चांगल्या कामाला बक्षीस.

पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष घटले, सुताचा साठा घटला, कापड जास्त निघू लागलं. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे दर कारखान्यामागे नफ्यात वर्षाला ३ लाख डॉलरच्या आसपास भर पडली, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वा ते दीड कोटी रुपये. पुढच्या तीन वर्षांत या कंपन्यांनी इतरांपेक्षा जास्त नवे कारखाने उघडले.

यात नवकल्पना कुठे आली?

हा पहिला रास्त आक्षेप. वह्या नीट लिहिणं म्हणजे काही शोध लावणं नाही.

पण त्या प्रयोगातली एक बारीक गोष्ट पाहा. गोदामातल्या सुताची यादी झाल्यावर लक्षात आलं की जुन्या ऑर्डरींतून उरलेलं चांगलं सूत ढिगाने पडून आहे. ते असल्याचं डिझाइन करणाऱ्यांना माहीतच नव्हतं, कारण ते बसायचे दुसरीकडे आणि दर नव्या डिझाइनसाठी नवं सूत मागवायचे. मग त्या उरलेल्या सुताची शेडकार्डं, म्हणजे रंगांचे नमुने लावलेली कार्डं, बनवून डिझाइन विभागाला पाठवली गेली. पडून असलेल्या रंगांतून नवं कापड निघू लागलं. कल्पना करणारी माणसं आधीही तिथेच होती, सूतही तिथेच होतं. दोघांची गाठ पडत नव्हती, ती एका यादीने पडली.

नवकल्पनेचा फार मोठा भाग असा असतो. जगात आधीच असलेलं ज्ञान, किंवा आपल्याच कारखान्यात दुसऱ्या टोकाला असलेलं ज्ञान, उचलून वापरता येण्याची ताकद. याला अभ्यासक कंपनीची 'ग्रहणक्षमता' म्हणतात. ज्या कारखान्याला आपल्या मागावर काल काय बिघडलं हे सांगता येत नाही, त्याला उद्या जर्मनीहून आलेलं नवं तंत्र आपल्या कामाचं आहे की नाही, हे तरी कशावरून कळणार? मोजायची सवय नसेल तर नवं चाललं की फसलं, हेसुद्धा समजत नाही. संशोधनाचा पाया तिथे घातला जातो, म्हणून मी वहीला प्रयोगशाळेच्या आधी ठेवतो.

सतरा कंपन्यांवरून एवढं कसं सांगता?

प्रश्न बरोबर आहे, नमुना लहान आहे. पण प्रत्येक कारखान्यातली आकडेवारी आठवड्या-आठवड्याला, बराच काळ गोळा झाली, त्यामुळे बदल योगायोगाचा आहे का हे तपासता आलं. आणि हा एकटाच पुरावा नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने मार्शल योजनेतून युरोपला मदत दिली. त्यात इटलीतल्या काही कंपन्यांच्या व्यवस्थापकांना अमेरिकी कारखाने पाहायला आणि शिकायला पाठवलं, तर काही कंपन्यांना अद्ययावत अमेरिकी यंत्रं दिली. मिशेला जॉर्चेली यांनी त्या कंपन्यांचे जुने कागद धुंडाळून पुढे काय झालं ते शोधलं. यंत्रं मिळालेल्या कंपन्या सुधारल्या, पण ती सुधारणा थोड्या वर्षांत ओसरली. व्यवस्थापक शिकून आलेल्या कंपन्यांचा फायदा किमान १५ वर्षं टिकला. ज्यांना दोन्ही मिळालं, तिथे एकामुळे दुसऱ्याचा उपयोग वाढला. पैसा आणि यंत्रं लागतातच, यात वाद नाही. ती वापरणारं घर आधी लावलेलं असलं पाहिजे.

एवढा फायदा होता तर मालकांनी आधीच का नाही केलं?

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा प्रश्न. दीड कोटी रुपये जमिनीवर पडलेले असताना व्यापारी माणूस ते उचलत नाही, असं कधी होतं?

एक कारण माहितीचं. काही सवयी मालकांनी ऐकलेल्याच नव्हत्या. काही ऐकल्या होत्या, पण त्याने आपल्याला फरक पडेल यावर विश्वास नव्हता. 'आपला माल शेजाऱ्याएवढाच चांगला आहे, नफा होतोय, मग कशाला?' हे उत्तर सार्वत्रिक आहे. व्यवस्थापनाच्या एका जागतिक सर्वेक्षणात मुलाखतीच्या शेवटी व्यवस्थापकांना विचारतात, तुमच्या कंपनीला दहापैकी किती गुण द्याल? सरासरी उत्तर सातच्या आसपास येतं, आणि त्या गुणांचा कंपनीच्या खऱ्या कामगिरीशी संबंध सापडत नाही. आपण कुठे आहोत हे आतून दिसत नाही, कारण शेजारचा कारखाना आतून पाहायला मिळत नाही.

दुसरं कारण जास्त खोलवरचं आहे: विश्वास. या सगळ्या कंपन्यांत निर्णय घेणारे संचालक म्हणजे घरातली पुरुष मंडळी. कारखान्याच्या व्यवस्थापकाला किरकोळ सुटा भाग विकत घ्यायलासुद्धा शेठना विचारावं लागे. यामागे हट्ट नव्हता, भीती होती. सूत ही बाजारात चटकन विकली जाणारी वस्तू आहे. बाहेरच्या माणसाच्या हाती कारभार दिला आणि त्याने माल बाहेर काढला, तर कोर्टात जाऊन किती वर्षं घालवायची? त्यामुळे कंपनी किती मोठी होणार हे बाजारावर कमी आणि घरात कर्ते पुरुष किती यावर जास्त ठरायचं. दोन भाऊ तर दोन कारखाने, चार भाऊ तर चार. संशोधकांना कंपनीच्या आकाराशी सगळ्यात घट्ट नातं याच आकड्याचं दिसलं.

यावर थोडं थांबून विचार करायला हवा. चांगली चालणारी कंपनी वाढत नाही, कारण मालकाचा दिवस चोवीस तासांचाच आहे. ती वाढत नाही, म्हणून शेजारच्या सुस्त कंपनीला धक्का बसत नाही. घरातल्या शिकलेल्या मुली आणि सुना तर त्या हिशोबातच धरलेल्या नव्हत्या. खानदानी धंद्याचा आपल्याला अभिमान असतो आणि तो असावा. पण आडनावाच्या पलीकडे एकाही माणसावर विसंबता न येणं ही त्या धंद्याने चुकवलेली फार मोठी किंमत आहे, आणि ती ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

इथेही आकड्यांची मदत झाली. रोजचे दोष, साठा, उत्पादन कागदावर आलं तसं मालकाला दूर बसूनही कारभार दिसू लागला. जे दिसतं ते दुसऱ्यावर सोपवता येतं. ज्या कंपन्यांनी सवयी लावल्या, त्यांनी व्यवस्थापकांना अधिकारही जास्त दिले.

कामगारच नीट काम करत नसतील तर?

कारखानदारांच्या कुठल्याही बैठकीत हा सूर निघतोच. याला सर्वात स्वच्छ उत्तर अमेरिकेत मिळालं.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. बदनाम कारखाना होता. रोज पाचातला एक कामगार गैरहजर, संप, दारू, गाड्यांचा दर्जा वाईट. १९८४ मध्ये तोच कारखाना जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या भागीदारीत 'नुम्मी' या नावाने पुन्हा सुरू झाला. इमारत तीच, कामगार संघटना तीच, घेतलेले बहुतेक कामगारही जुनेच. बदलली ती काम चालवण्याची पद्धत. कामगारांच्या तुकड्या जपानला शिकायला पाठवल्या. प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी होती. काही चुकतंय असं वाटलं की ती ओढायची, गटप्रमुख धावत येणार, आणि तेवढ्यात प्रश्न सुटला नाही तर पूर्ण लाइन थांबणार. पूर्वी लाइन थांबवणं हा गुन्हा होता. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली, आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळ जाऊन पोहोचला.

चूक झाली की ताबडतोब थांबायचं, हा विचार टोयोटाकडे आला तो विणकामातून. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये बनवलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यामुळे दोष असलेलं कापड पुढे विणलंच जात नसे. १९२९ मध्ये त्या मागाचं पेटंट इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला १ लाख पौंडांना विकलं आणि त्याच सुमारास घराणं मोटारींकडे वळू लागलं.

पण कामगाराने दोरी ओढावी, सुधारणा सुचवावी, असं त्याला का वाटेल? त्याच्या सूचनेमुळे दहा माणसांचं काम आठांत झालं आणि उरलेले दोघं घरी गेले, तर पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही. नुम्मीच्या करारात नोकरीची हमी होती, आणि १९८८ च्या सुमारास मागणी घटली तेव्हा कंपनीने ती पाळली. लोकांना काढण्याऐवजी प्रशिक्षणाला बसवलं. सूचनापेटी भिंतीवर लावणाऱ्या कंपन्यांनी आधी ही हमी लिहून द्यावी.

नवी पद्धत येते तेव्हा झळ कुणाला बसते?

पाकिस्तानातलं सियालकोट हे हाताने शिवलेल्या फुटबॉलचं जगातलं मोठं केंद्र. फुटबॉलवर षटकोनी आणि पंचकोनी तुकडे असतात. षटकोन एकमेकांना चिकटून बसतात, पंचकोनांमध्ये मात्र रेक्झिन वाया जातं. डेव्हिड ॲटकिन आणि सहकाऱ्यांनी पंचकोन अशा रीतीने मांडणारा नवा साचा बनवून घेतला की कचरा कमी व्हावा. तो कारखान्यांना फुकट दिला. फायदा सरळ होता, तरी महिने लोटले आणि मोजक्याच कारखान्यांनी तो वापरला.

कारण कापणाऱ्याच्या मजुरीत होतं. त्याला नगावर पैसे मिळायचे. नव्या साच्यावर हात बसेपर्यंत वेग मंदावणार, म्हणजे मजुरी त्याची जाणार आणि वाचलेलं रेक्झिन मालकाचं. मग काही ठिकाणी कापणारे मालकाला सांगत, 'साचा काही खास नाही.' मालकाला स्वतःला कापता येत नसल्याने त्याचा विश्वास बसे. संशोधकांनी पुढच्या टप्प्यात काही कारखान्यांत कामगारांना सांगितलं, साचा नीट वापरून दाखवा, महिन्याच्या कमाईएवढी रक्कम देऊ. तिथे साचा वापरणाऱ्या कारखान्यांची संख्या वाढली.

त्या कापणाऱ्याला आडमुठा म्हणणं सोपं आहे. त्याने केलेला हिशोब बरोबर होता. नवी पद्धत आणणाऱ्याने त्याच्या बाजूने हिशोब मांडून पाहिला नाही, चूक ती होती. नव्याला विरोध होतो तेव्हा माणसांच्या स्वभावाकडे बोट दाखवण्याआधी त्यांच्या पगाराची रीत पाहावी.

स्पर्धा हवी की संरक्षण?

आता कारखान्याच्या बाहेर येऊ. नोबेल मिळालेल्या आगियाँ आणि हॉविट यांचं काम इथे उपयोगी पडतं. ब्रिटिश कंपन्यांच्या पेटंटचा अभ्यास करताना त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की स्पर्धा अगदी कमी असेल तर कंपन्या नवं काही करत नाहीत, कारण गरजच नसते. स्पर्धा वाढली की नवकल्पना वाढतात. पण ती एका मर्यादेपलीकडे गेली की फार मागे पडलेल्या कंपन्या हात टेकतात, कारण धडपड करूनही हाती काही लागणार नसतं. आघाडीच्या जवळ असलेल्याला स्पर्धा पळवते, खूप मागे असलेल्याला बसवते.

आपल्याकडे पहिली अवस्था लोकांनी अंगावर काढली आहे. परवान्यांच्या राज्यात किती माल बनवायचा हे सरकार ठरवायचं आणि पुण्याच्या बजाजची स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहायचे. दारात रांग असताना नवं मॉडेल काढायचं कशासाठी? १९८० च्या दशकात जपानी भागीदारीतल्या मोटरसायकली आल्या, १९९१ नंतर बाजार आणखी खुला झाला आणि गिऱ्हाईक स्कूटर सोडून मोटरसायकलीकडे वळलं. बजाज ऑटोने त्या धक्क्यातून २००१ मध्ये पल्सर काढली. रांग असतानाच्या काळात त्याच कंपनीत इंजिनीअर नव्हते असं थोडंच आहे!

तारापूरच्या कंपन्यांवर तेव्हा हा दाब कमी होता. परदेशी कापडावर आयात कर होता आणि नव्या कारखान्याला भांडवल उभं करणं अवघड. म्हणून सुस्ती चालून गेली. सगळं संरक्षण काढून टाका, असा अर्थ मी यातून काढत नाही. ज्यांना आजवर शिकायला कुणी मदत केली नाही, त्यांच्यावर एकदम जगभरची स्पर्धा सोडली तर ते शिकत नाहीत, बंद पडतात, आणि कामगार रस्त्यावर येतात. मुंबईने गिरणगाव पाहिलं आहे.

शिस्त वाढली की कल्पकता मरत नाही का?

मरू शकते, आणि याचा पुरावा आहे. मेरी बेनर आणि मायकेल टशमन यांनी रंग आणि फोटोग्राफी या दोन उद्योगांतली वीस वर्षांची पेटंटं तपासली. दर्जा-व्यवस्थापनाची प्रमाणपत्रं घेतलेल्या कंपन्यांत जुन्याच ज्ञानात थोडी भर घालणारी पेटंटं वाढली आणि अगदी नव्या वाटेवरची मागे पडली.

थ्रीएम या अमेरिकी कंपनीचं उदाहरण यात नेहमी येतं. तिथे तंत्रज्ञांना १५ टक्के वेळ स्वतःच्या आवडीच्या विषयावर घालवायची मुभा होती. स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये एक डिंक बनवला, जो नीट चिकटत नव्हता. तो निरुपयोगी म्हणून टाकून दिला गेला नाही. १९७४ मध्ये आर्ट फ्राय यांना त्याचा उपयोग सुचला आणि १९८० मध्ये पोस्ट-इट अमेरिकाभर विकायला आलं. एका अपयशाने बारा वर्षं तग धरली. २००१ नंतर नव्या प्रमुखांनी कारखान्यातली काटेकोर शिस्त संशोधन विभागालाही लावली, तेव्हा शोधांचा ओघ आटल्याची ओरड झाली आणि पुढच्या प्रमुखांना ती शिस्त संशोधनापुरती सैल करावी लागली.

मागावरचे दोष रोज मोजायचे असतात. संशोधकाचं यश रोज मोजायचं नसतं, त्याला सुरुवातीला चुकायची मोकळीक लागते. एकाच छपराखाली ही दोन कामं दोन नियमांनी चालवता येणं हे चांगल्या व्यवस्थापकाचं कसब. मात्र एक सांगतो. आपल्या मध्यम आणि लहान उद्योगांत हा आक्षेप बहुतेक वेळा जिथे लागू नाही तिथे पुढे केला जातो. जिथे तेलपाण्याचं वेळापत्रक नाही, तिथे अतिशिस्तीने कल्पकता गुदमरण्याचा धोका दूरच आहे.

जुगाडाचंही तसंच. रात्रपाळीच्या फिटरने तारेने बांधून यंत्र चालू केलं, त्याची हुशारी खरी आणि ती कौतुकाचीच. पण ते कुठे लिहिलं गेलं नाही तर दिवसपाळीला ठाऊक होत नाही, यंत्र परत तिथेच बिघडतं आणि फिटरने नोकरी सोडली की ज्ञानही गेलं. त्याची युक्ती नोंदली, तपासली आणि दहा यंत्रांना लावली, तर तिला नवकल्पना म्हणता येईल. ती त्याच्या नावाने नोंदवली जावी, एवढं तर त्याचं देणं लागतंच.

मग पैसा कुठे घालायचा?

१ लाख कोटींची योजना आवश्यक आहे. बॅटरी, चिप, औषधं यांवरचं संशोधन दहा-दहा वर्षं चालतं, त्याला बँका कर्ज देत नाहीत. पण ती योजना रांगेतल्या पुढच्या कंपन्यांसाठी आहे. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागवाल्याला किंवा चाकण-भोसरीच्या सुटे भाग बनवणाऱ्या लहान वर्कशॉपला तिचा थेट उपयोग नाही.

त्यांच्यासाठी केंद्राची वेगळी योजना आहे: मार्च २०२३ मध्ये सुरू झालेली, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीची एमएसएमई लीन योजना. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादन करणाऱ्या उद्योगाला कारखाना सुधारणारा सल्लागार मिळतो आणि त्याच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र उचलतं. तारापूरमध्ये जे फुकट मिळालं ते इथे जवळपास फुकट मिळू शकतं. अहवाल घेऊन सल्लागाराला निरोप देऊ नका, त्याला थांबवून करून घ्या. तारापूरमध्ये अहवाल दोन्ही गटांना मिळाला होता. नुसता अहवाल मिळालेल्या गटातही काही सवयी आल्या, पण मोठी उडी मारली ती ज्यांच्याकडे सल्लागार चार महिने जास्त थांबले त्यांनी.

२०१७ मध्ये संशोधक पुन्हा त्या कारखान्यांत गेले. लावलेल्या सवयींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या, तरी दुसऱ्या गटापेक्षा ते अजून बरेच पुढे होते. सवयी त्याच मालकाच्या इतर कारखान्यांत पसरल्या होत्या, शेजारच्या कंपन्यांत मात्र फारशा नाही. आणि सुटल्या त्या का, याची सर्वाधिक सांगितलेली दोन कारणं: व्यवस्थापक नोकरी सोडून गेला, किंवा मालकाला वेळ मिळेनासा झाला. म्हणून यंत्राच्या देखभालीच्या करारावर जेवढा विचार होतो, तेवढाच त्या व्यवस्थापकाच्या पगारावर, अधिकारांवर आणि त्याच्या हाताखाली तयार होणाऱ्या दुसऱ्या माणसावर व्हायला हवा. आणि त्या भागातल्या उद्योजक संघटनांनी आपल्या सभासदांना वर्षातून दोनदा एकमेकांच्या कारखान्यात, थेट शॉपफ्लोअरवर, फिरवून आणावं. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही.